हंसाबाई चाखणारणीच्या पोटदुखीची बखर

श्रीलंबोदर समर्थ. ज्या देवाचे उदर त्रैलोक्यात थोर असोनि त्यास भोक पाडावयाची छाती कोण्या वैद्यास जाहली नाही, त्या देवास आधी दंडवत. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव पुसू नये. पुसणाराचे राज्य तेच निघावयाचा संभव आहे, आणि मग उगाच वाईट वाटते.

ते राज्य सुखी होते, म्हणजे दरबार सुखी होता. लढाई करावी तो शत्रू उरला नव्हता, आणि सरदारांच्या पंगती मात्र लढाईच्या काळच्याच चालत होत्या, आणि जेवून उठावे आणि पालखीत बसावे आणि पालखीतून उतरोन पुन्हा पाटावर बसावे, येवढीच काय ती मोहीम बाकी होती. मग सरदारांची अंगे वाढली. पालखीस भोई दुप्पट लागो लागले आणि वाड्यांचे दरवाजे रुंद करावे लागले, आणि त्याचीही कोणास लाज वाटली नाही, उलट ज्याचा दरवाजा रुंद त्याचे घराणे थोर ऐसे म्हणो लागले. मग दसऱ्यास महाराजांची स्वारी सीमोल्लंघनास निघाली, आणि सर्व सरदारांत पहिल्या मानाचे जे दर्याजीराव ते घोड्यावर चढिले, आणि घोडा उभा होता तो खाली बसला. उठविला, पुन्हा बसला. परराज्याचे वकील पाहात होते, आणि त्यांतील एक रुमालाआड हसला. महाराजांच्या मनास ते फार लागले आणि हुकूम जाहला की, पुढील दसऱ्यास घोडा उभा राहिला पाहिजे, सरदारांनी काय करणे ते करावे. खाणे कमी करावे ऐसे एक वृद्ध कारकून बोलिला, त्यास दरबारात कोणी उत्तरही दिले नाही.

मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया करणारे शस्त्रवैद्य कान्होपंत यांस आणविले. हा मनुष्य कामाचा होता आणि थोडके बोलत असे, म्हणोन या बखरीत त्याचे नाव थोडकेच येईल. त्याची रीत ऐसी की, रोग्यास भूल देऊन पोटास बोट जाईल येवढी भोके पाडावी, आत वायू भरोन पोट फुगवावे, एका भोकातून दुर्बीण आणि बाकीच्यांतून हत्यारे घालावी, आणि जठराची पिशवी उभी कापोन केळ्याएवढी नळी ठेवावी, आणि कापल्या कडेस बारीक टाचण्या मारोन ती शिवावी. मग खाणे थोडके जाते आणि अंग उतरते. हे सर्व खरे आणि चांगले. परंतु भूल उतरली की दुखते. भोकांपाशी दुखते, आत दुखते, आणि राहिलेला वायू वर चढोन खांदाही धरतो. सरदारांनी आजवर लढायांचे पोवाडे ऐकोन माना डोलविल्या होत्या, सुई टोचोन घेतली नव्हती. पहिला सरदार शुद्धीवर आला आणि जो ओरडला तो देवडीवर ऐकू गेला, आणि महाराजांचे दुपारचे निजणे मोडले. तेव्हा दुखणे हा राज्याचा प्रश्न जाहला. त्याआधी तो नव्हता.

त्या राज्यात राजवैद्य दोन होते, आणि दोघे एकमेकांचे तोंड पाहात नसत. एक भिकंभट. त्यांचे म्हणणे ऐसे की, अफूच्या अर्काचा पंप रोग्याच्या शिरेस जोडावा आणि त्याची कळ रोग्याचे हाती द्यावी. दुखले की त्याने कळ दाबावी, थेंब आत जातो आणि आराम पडतो. रोगी निजला की बोट आपोआप थांबते, म्हणोन अर्क फाजील जावयाचे भय नाही. दुसरे नागोपंत. त्यांचे म्हणणे ऐसे की, यंत्राच्या पडद्यावर पाहात पाहात पोटाच्या थरांमध्ये लांब सुई घालावी आणि बधिर करणारे औषध सोडावे, म्हणजे भोकांची वेदना दिवसभर मेंदूस पोचतच नाही, आणि अफूची गुंगी व मळमळ टळते. दोन्ही गोष्टी शहाण्या होत्या. शहाण्या मुलुखातले वैद्य दोन्ही थोडथोड्या करोन रोग्यास विचारीत बसते. परंतु येथे महाराजांनी वेदनाहर ऐसा किताब आणि चांदीच्या मुठीची काठी जाहीर केली, आणि ज्याची रीत सरस त्यास ती मिळणार ऐसे ठरले, आणि तेथून पुढे रोग्यास कोणी विचारीना. काठी एक आणि वैद्य दोन, मग दुसरे काय व्हावयाचे.

तुलना करावयाचे काम दिवाण त्रिमलपंत यांजकडे आले. हे गृहस्थ ऐसे की, साधी गोष्ट त्यांजपुढे ठेविली असता तीस नियम चिकटवोन ती अवघड करीत, आणि अवघड जाहली म्हणजे आपण काही केले ऐसे समजोन पान खात. त्यांनी सरदारांचे दोन ताफे केले, एक पंपवाल्यांचा आणि एक सुईवाल्यांचा. मग सुईवाल्यांच्या ताफ्यात एक खाट रिकामी राहिली. ताफे सारखे पाहिजेत, नाहीतर काठीचा निवाडा कच्चा, म्हणोन आणखी एक लठ्ठ मनुष्य शोधू लागले, आणि कोणी मुदपाकखान्याकडे, म्हणजे वाड्याच्या स्वयंपाकघराकडे, बोट दाखविले, आणि हंसाबाई सापडली.

हंसाबाई महाराजांची चाखणारीण. तिची सासू हेच काम करीत होती, ती गेल्यावर हिजकडे आले, आणि केस पिकेपावेतो महाराजांचे मुखी गेलेला प्रत्येक घास आधी हिच्या मुखी गेला होता. पक्वान्ने महाराज टाकोन देत, हिला टाकिता येत नसत. ऐसे अंग वाढले. गुडघे गेले, रक्तात साखर आली, आणि मुदपाकखान्याचा जिना चढता मध्येच बसावे लागे. तिचे पोट मात्र राज्यात सर्वांत विश्वासाचे होते. राजघराण्याच्या मूळपुरुषाने नियम घातला होता की, चाखणारणीने "पोटात दुखते" येवढे दोन शब्द उच्चारिले की थाळी परत जावी, नगारा व्हावा, राज्यातले झाडून सारे वैद्य तिजपाशी उभे करावे, आणि दुखण्याचे मूळ सापडेपावेतो राजाने पाणीही घेऊ नये. हंसाबाईने ते शब्द जन्मात उच्चारिले नव्हते. थाळी पुढे आली की चाखावे, थोडे थांबावे, आणि "जाऊ द्या" म्हणावे. ती जाऊ द्या म्हणाली म्हणजे महाराज जेवत, आणि महाराजांस तिचे नाव ठाऊक नव्हते.

तिला शस्त्रक्रियेविषयी विचारिले तेव्हा तिने एकच पुसले, की जिना चढता येईल काय. कान्होपंत बोलिले की येईल. मग ती हो म्हणाली. शस्त्रक्रिया जाहली, आणि तिच्या उशापायथ्याशी तिची नणंद ठकूबाई राहिली. ही बाई तोंडाची फटकळ, आणि भावजयीवर जीव टाकीत असे. चाखणारीण आजारी म्हणोन दुसरी नेमावी, तर पद जन्माचे, बदलावयाची रीत नाही. तेव्हा थाळी दोन्ही वेळां रुग्णशाळेत हंसाबाईच्या खाटेपाशी यावी, तिने सारातला थेंब जिभेस लावावा आणि जाऊ द्या म्हणावे, ऐसे ठरले. पोट कापिलेल्या बाईकडोन हे काम घ्यावे काय, ऐसा प्रश्न दरबारात कोणाच्या मनातही आला नाही.

आता आकड्याची मौज ऐकावी. वैद्यकाची रीत ऐसी की, रोग्यास पुसावे, शून्य म्हणजे काही दुखत नाही आणि दहा म्हणजे याहून दुखणे ठाऊक नाही, तर तुझे किती. मुलासही समजते. परंतु त्या राज्यात मान मशालींनी मोजीत. पालखीपुढे दहा मशाली तो पहिल्या मानाचा, मग नऊ, मग आठ, ऐसे उतरत शेवटी ज्यांस अंधारातच चालणे त्यांजपावेतो. वैद्याने दर्याजीरावांस पुसले की दहांपैकी किती, तो ते मिशीस मेण लावून घेत होते, तसेच बोलिले, "दहा. आमचे कमी कधी होते?" मग शेजारच्या खाटेवर नऊ मशालींचे सरदार होते. त्यांस खरोखर जीव नकोसा जाहला होता, परंतु दर्याजीरावांची बरोबरी कशी करावी, म्हणोन नऊ बोलिले. आठ मशालींचे एक होते त्यांस सुईने इतके बरे वाटत होते की ते गाणे गुणगुणत होते, परंतु आठाखाली उतरणे म्हणजे घराण्याची अब्रू गेली, म्हणोन गाणे थांबवोन कण्हले आणि आठ बोलिले. ऐसे सर्व खाटांवर जाहले. मग भिकंभट रागास आले की, थोर सरदार माझ्या ताफ्यात अधिक, तेणेकरोन माझ्याकडे दुखणे अधिक दिसते. दिवाणांस हे पटले, आणि त्यांनी निवाडा केला की, बोलिल्या आकड्यातून ज्याच्या त्याच्या मशाली वजा कराव्या आणि उरेल ते दुखणे समजावे. वजा केले तो सर्वांचे शून्य आले. अवघी रुग्णशाळा कण्हत होती आणि दिवाणांच्या हिशेबी कोणास काही दुखत नव्हते. दोन्ही वैद्य बरोबरीत राहिले आणि काठी अधांतरी राहिली.

राहिली एक हंसाबाई. तिजपुढे मशाल नव्हती, म्हणोन वजा करावयास काही नव्हते, आणि ती जे बोलेल ते जसेच्या तसे दुखणे ठरणार होते. तेव्हा काठीचा निवाडा एका चाखणारणीच्या पोटावर येऊन ठेपला. नागोपंत धावत आले, आणि जन्मात जिच्याशी बोलिले नव्हते तिला बाईसाहेब म्हणो लागले, आणि गोड बोलून समजाविले की, आपण सुईच्या ताफ्यातील, आपण शून्य म्हणावे, त्यातही बिनमशालीच्या माणसाने आकडा सांगणे म्हणजे सरदारीवर हक्क सांगणे, ते बरे दिसत नाही. पहिल्या दिवशी तिला खरेच फार दुखत नव्हते. थोडे ओढते येवढे ती बोलिली, आणि नागोपंतांनी ते शून्य धरिले. शस्त्रवैद्य कान्होपंत दारी आले तो भालाइतांनी भाले आडवे केले, की दिवाणांचा हुकूम आहे, तुलना संपेतो ज्याने कापिले त्याने आत यावयाचे नाही, न जाणो एखाद्या बाजूस झुकते माप पडेल. कान्होपंत रोज दारी येत आणि रोज माघारी जात.

त्याच सुमारास पंपवाल्यांकडे एक प्रकार जाहला तोही सांगतो, म्हणजे या शहाण्यांची जात कळेल. पंपाची सारी मातब्बरी यात की कळ रोग्याने स्वतः दाबावी. परंतु दर्याजीरावांनी आपले जोडे कधी स्वतः घातले नव्हते, पानास चुना कधी स्वतः लाविला नव्हता, ते कळ स्वतः दाबतील काय. त्यांचा इमानी खिजमतगार कळ घेऊन उशाशी बसला. धनी कुशीवर वळले, दाबिली. धनी निजले, धन्यास झोपेत दुखू नये म्हणोन दाबिली. धनी घोरेनासे जाहले, म्हणोन फार निजले ऐसे समजोन आनंदाने पुन्हा दाबिली. ओठ निळे पडले तेव्हा झाडूवालीने आरडा केला, मग उतारा टोचोन आणि गदागदा हलवोन श्वास परत आणविला. येवढे जाहले, आणि भिकंभटांनी दरबारात सांगितले काय, तर माझ्या रीतीने सरदारांस इतका आराम पडला की श्वास घ्यावयाची दगदगही उरली नाही. आणि दरबाराने माना डोलविल्या. माझ्या हातून कलम खाली पडले ते मी उचलले आणि लिहीत बसलो.

मग हंसाबाईचे दुखणे फिरले. सुईचा अंमल उतरला होताच, परंतु हे भोकांचे दुखणे नव्हते. आत खोल डाव्या बगलेखाली सुरू जाहले आणि चढत गेले, आणि डावा खांदा धरला, आणि अंगात कणकण आली, आणि छाती धावत्यासारखी उडो लागली. बाकीच्या खाटांवरचे लोक उठोन बसो लागले होते, आणि ही पडत चालली. तिने नागोपंतांस सांगितले. नागोपंतांनी नाडी पाहिली, आणि त्यांचे तोंड उतरले, ते ठकूबाईने पाहिले. परंतु बोलिले काय, तर वायू आहे, खांद्यास वायूच धरतो, दोन पावले चालावे म्हणजे जाईल. खांदा वायूनेही दुखतो हे खरेच. खोट्यास आधाराला थोडे खरे नेहमीच सापडते, आणि नागोपंतांनी ते दोन्ही हातांनी धरिले. ते बाहेर गेले तो भिकंभट आत आले. त्यांचा चेहरा लग्नघरच्यासारखा होता. बाई, भिऊ नका, चक्क दहा म्हणा, ऐसे बोलिले. आणि दहा म्हणालात की लागलाच माझा पंप जोडतो, घटकेत शून्य होईल, सुईचे दहा आणि अफूचे शून्य, मग काठी कोणाची ते दिवाणांसही नाकारिता यावयाचे नाही. पंप संगेच आणिला होता.

हंसाबाईने पंपाकडे पाहिले. वेदनेने तिच्या ओठांवर घाम होता, आणि कळ हाताशी होती, आणि दुसरे कोणी असते तर दाबिते. ती बोलिली, "भटजी, दुखणं घालवू नका. का दुखतंय ते आधी बघा."

भिकंभटांस हे बोलणे समजले नाही. त्यांस दुखणे घालवावयाचे ठाऊक होते, पाहावयाचे ठाऊक नव्हते. बाई हट्टी आहे ऐसे म्हणोन पंप उचलोन गेले. मग दुसऱ्या दिवशी ठकूबाई उठली आणि दिवाणांच्या कचेरीत गेली. दिवाणांनी सर्व ऐकिले, आणि बोलिले की, दुखत असेल, नाही म्हणत नाही, परंतु बिनमशालीच्या बाईने दहा म्हणण्याची वहिवाट नाही, तरी आम्ही कनवाळू आहो, तिला एक मशाल मंजूर व्हावी ऐसी शिफारस करितो, ज्योतिषी मुहूर्त पाहतील, दरबार भरेल, मशाल मिळाली की दुखणे सांगावे, तोवर आवरोन धरावे. ठकूबाई तेथे काय बोलिली ते लिहिता येत नाही. येवढे लिहितो की दिवाणांच्या तोंडातले पान तसेच राहिले.

परतताना रुग्णशाळेच्या दारी कान्होपंत उभे होते. ठकूबाईने त्यांस धरोन सांगितले, ताप, खांदा, छाती, सर्व. त्यांनी येवढेच पुसले की कोणता खांदा, आणि डावा म्हणताच ते पांढरे पडले. बोलिले, "टाचण्यांची कड कुठेतरी सुटली असावी. आतले पाणी पोटात झिरपतंय. आज दुर्बीण घालून बांधली तर बाई वाचेल. उद्या मी नाही सांगू शकत." मग ते दाराकडे गेले आणि भाले पुन्हा आडवे जाहले, की महाराजांच्या तोंडचा हुकूम आणा. महाराज तेव्हा पाटावर बसावयाच्या तयारीत होते, आणि जेवणाचे वेळी महाराजांस भेटावयाची कोणास परवानगी नव्हती.

ठकूबाई आत आली तो मागोमाग थाळी आली. आचारी बाळंभटाने स्वतः आणिली होती. हा मनुष्य साधा, हंसाबाईस वर्षानुवर्षे ओळखणारा. त्याने सार चमच्यात घेतले. ठकूबाई वाकोन भावजयीच्या कानाशी बोलिली, "वहिनी, विष आहे म्हणा. सगळे धावत येतील."

हंसाबाईने मान हलविली. "नको वन्सं. बाळंभटाची मान जाईल."

"आणि तुमची जातेय ती?"

तिने जीभ पुढे केली, थेंब लाविला, आणि नेहमीप्रमाणे थोडी थांबली. माझे येथे सांगणे आहे की, तिजपाशी राज्याचा नगारा वाजवावयाचे दोन शब्द सर्वकाळ होते. कालही होते. ते तिने काल वापरिले नाहीत, कारण ते शब्द महाराजांच्या जिवासाठी आहेत ऐसे तिला सासूने शिकविले होते, आणि आपल्या जिवासाठी ते वापरावे हे तिच्या मनास शिवलेच नव्हते. ऐसी माणसे दरबारास फार सोयीची पडतात. मग ती बाळंभटास बोलिली की, सार चांगले आहे, मीठ बेताचे आहे, तुझा काही दोष नाही. आणि मग मान वर करोन दाराच्या भालाइतांस ऐकू जाईल ऐसे बोलिली, "थाळी परत न्या. माझ्या पोटात दुखतंय."

भालाइतांचे भाले खाली आले. एकाने दुसऱ्याकडे पाहिले, आणि दोघेही धावत सुटले. नगारा जाहला. वाड्याचे दरवाजे लाविले, विहिरींवर पहारे बसले, महाराजांपुढचा पाण्याचा तांब्याही उचलिला, आणि जे जे वैद्य म्हणविणारे ते सर्व, कोणी पागोट्याविना, कोणी एका पायात जोडा, रुग्णशाळेत येऊन खाटेभोवती उभे राहिले. ज्या बाईच्या दुखण्यास आतापावेतो मशाल पाहिजे होती, तीच बाई, तेच पोट, तेच दुखणे, परंतु आता ते महाराजांच्या थाळीचे दुखणे होते. मग खासे महाराज आले. हंसाबाईसाठी आले ऐसे कोणी समजू नये. त्यांनी दुपारी त्याच मुदपाकातले जेवण जेविले होते, आणि वाटभर आपले पोट चाचपीत आले होते.

महाराजांनी पुसले की, बाई, किती दुखते. त्रिमलपंत तशातही पुढे सरोन बोलिले की, हिला आकडा सांगावयाचा मान नाही. महाराजांनी त्यांजकडे असे पाहिले की दिवाण मागल्या रांगेत गेले. हंसाबाई बोलिली, "आकडा राहू द्या महाराज. कान्होपंतांना आत सोडा."

मग महाराजांनी राजवैद्यांस पुसले की अन्नात काय होते. आणि येथे तमाशा पाहावा. विष म्हणावे तर मुदपाकाची औषधी तपासणी दोघांकडे, म्हणजे मान दोघांची जाणार. तेव्हा नागोपंत हात जोडोन बोलिले की, अन्नाचा संबंध नाही, आतली शिवण सुटली आहे, हे मला नाडीवरोन कालच कळले होते. भिकंभट घाईने बोलिले की, मला तर परवाच कळले होते. आपली मान अडकताच दोघांसही सर्व वैद्यक आठवले. महाराजांनी पुसले की, कळले होते तर बोलिला का नाहीत. तेव्हा चांदीच्या मुठीची काठी दिवाणांच्या हाती होती ती त्यांनी हळूच पाठीमागे घेतली.

कान्होपंत आत आले. बाईस भूल देवविली, दुर्बीण घातली, कडेवरच्या टाचण्या एके जागी सुटल्या होत्या, तेथोन झिरपत होते, ते धुवोन काढिले, शिवण बांधिली, आणि उरले पाणी बाहेर यावे म्हणोन नळ्या ठेविल्या. वेळेवर जाहले म्हणोन जाहले. मग बाई पुष्कळ दिवस तापली, पुष्कळ दिवस अंथरुणास खिळली, आणि ठकूबाई तिच्या उशाची उठली नाही. कान्होपंतांनी तिच्या दुखण्यासाठी पोटाच्या थरांत सुईही दिली, आणि पंपाची कळ तिच्याच हातात दिली, दुसऱ्या कोणाच्या नाही, आणि सकाळ संध्याकाळ खाटेपाशी बसोन पुसत की कोठे दुखते, कसे दुखते, कालच्याहून निराळे आहे काय. ती सांगे ते ऐकत. दोन रीतींची काय ती तुलना त्या राज्यात येवढीच जाहली, आणि ती किताबाविना जाहली.

दरबाराने काय केले म्हणाल, तर दरबाराने दोन्ही वैद्यांस वेदनाहर किताब दिला, आणि काठी मधोमध कापोन अर्धी अर्धी दिली, मूठ कोणाकडे जावी यावर अद्याप भांडण चालू आहे. दिवाणांनी नवा नियम काढिला की, महाराजांच्या थाळीतले ज्याने चाखिले त्याचे दुखणे बिनमशालीचेही खरे धरावे. हा नियम रुग्णशाळेत लोकांस लागलाच समजला. मग भालाईत पडो की मोलकरीण पडो, जो कोणी खाटेवर येई तो आधी महाराजांच्या सारातला थेंब मागे, आणि मग पोटात दुखते म्हणे, आणि थाळी परत जाई, आणि नगारा होई, आणि वैद्य धावत येत आणि निमूट तपासीत. आणि महाराज पाटावर हात धुवोन बसत आणि उपाशी उठत. ऐसे होता होता महाराजांचे अंग इतके उतरले की अंगरखा दोनदा आतून टाचावा लागला, आणि त्यांस कोणी भोक पाडिले नव्हते.

मग एके दिवशी भुकेने कावलेले महाराज थाळीच्या पाठोपाठ स्वतःच रुग्णशाळेत आले आणि खाटेखाटेशी उभे राहोन पुसो लागले की, बाबा रे, तुला काय होते आहे, थाळी यावयाच्या आधीच सांग, मी ऐकतो. त्या राज्यात राजाने हे पुसावे यास भूक लागावी लागली. हंसाबाई तेव्हा उठोन बसो लागली होती. महाराज तिजपाशी आले आणि आजवर जे केले नव्हते ते केले, म्हणजे तिचे नाव पुसले. तिने सांगितले. मग बोलिले, "हंसाबाई, दुखतं का अजून?"

ती बोलिली, "दुखतं महाराज. पण हे टाक्यांचं आहे, मला कळतं. जेवायला बसा तुम्ही. थाळी जाऊ द्या."

महाराज तेथेच तिच्या खाटेपाशी जमिनीवर बसले आणि जेविले.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. दर्याजीरावांचा घोडा पुढील दसऱ्यास उभा राहिला, त्याचे श्रेय दरबाराने घेतले. हंसाबाई जिना चढली, मध्ये न बसता चढली, ते पाहावयास ठकूबाईवाचोन कोणी नव्हते. या राज्यात दुखणे मोजावयास सर्व आले आणि भुकेविना ऐकावयास एक कान्होपंत आले, येवढे ध्यानी धरावे. लेखनसीमा.